पित्ताशयाची शस्त्रक्रिया: पोटात पहिले छिद्र कसे पाडतात?

पित्ताशयातील खड्यांविषयी मागील अंकात लिहिल्यानंतर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच मुद्द्यावर आहेत. पित्ताशय काढताना काय होईल यापेक्षा, दुर्बीण पोटात घालताना आत काही दुखावले तर काय, ही काळजी वाचकांना अधिक वाटते. ही काळजी अनाठायी नाही आणि तिचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा या एका विषयाला दिली आहे.

प्रश्न: माझ्या पत्नीचे वय ४६ आहे. पित्ताशयातील खड्यांमुळे तिला वारंवार दुखते, म्हणून आम्ही दोन सर्जनना दाखवले. एकांनी सांगितले की, आधी बेंबीतून सुई घालून पोटात गॅस भरतो आणि मग दुर्बिणीची नळी घालतो. दुसरे म्हणाले की, मी सुई वापरत नाही, बेंबीपाशी छोटा छेद घेऊन डोळ्यांनी बघत आत जातो. आमच्या नात्यातील एकाने सुईमुळे आतड्याला भोक पडल्याची हकीगत सांगितल्यापासून पत्नी ऑपरेशनला तयार होत नाही. यांपैकी कोणती पद्धत सुरक्षित समजावी?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: दोन्ही सर्जननी आपण कसे आत जाणार हे तुम्हाला आधी सांगितले, ही चांगली गोष्ट आहे. दोन्ही पद्धती जगभर मान्य आहेत आणि दोन्हींनी रोज असंख्य शस्त्रक्रिया सुखरूप पार पडतात. तरीही पत्नीची भीती झटकून टाकण्यासारखी नाही, कारण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांमध्ये ज्या थोड्या गंभीर इजा होतात, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या मूळ शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी, म्हणजे पोटात शिरतानाच झालेल्या असतात. पहिले छिद्र पाडताना आतील काहीच दिसत नसते. पुढची तीन छिद्रे कॅमेऱ्यात बघत पाडली जातात, त्यामुळे ती बरीच निर्धोक असतात. एकंदर प्रमाण मात्र फार कमी आहे: शिरताना आतड्याला इजा होण्याचे प्रमाण साधारणपणे हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते आणि मोठी रक्तवाहिनी दुखावण्याचे प्रमाण त्याहूनही कमी असते.

आता सुईविषयी. हिला व्हेरेस सुई म्हणतात. हंगेरीतील डॉ. यानोश व्हेरेस यांनी १९३० च्या दशकात ती क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी तयार केली आणि पुढे पोटाच्या दुर्बिणीसाठी ती वापरात आली. तिची रचना पाहिली की तिच्यामागचा विचार कळतो. बाहेरची नळी धारदार असते आणि तिच्या आत स्प्रिंगवर बसवलेली बोथट टोकाची दुसरी नळी असते. पोटाच्या घट्ट पडद्यातून जाताना बोथट टोक मागे दाबले जाते आणि धार काम करते. पडदा संपून पोकळी आली की दाब सुटतो आणि बोथट टोक टक् असा आवाज करत धारेच्या पुढे येते. सर्जनच्या बोटांना ही टकटक साधारणपणे दोनदा जाणवते, एकदा स्नायूंवरच्या पांढऱ्या पडद्याशी आणि दुसऱ्यांदा पोटाच्या आतील पातळ आवरणाशी. त्यानंतर सुई खरोखर मोकळ्या पोकळीत आहे की नाही याची खात्री केली जाते. तिच्यातून थोडे सलाईन आत सोडून परत ओढतात. त्यात रक्त, पित्त किंवा आतड्यातील द्रव आला तर सुई चुकीच्या जागी आहे असे समजते. सर्वांत भरवशाची खूण गॅस सोडल्यावर यंत्रावर दिसणारा पहिला दाब ही आहे. तो पाऱ्याच्या १० मिलिमीटरपेक्षा कमी असला तर सुई बहुधा योग्य जागी आहे, आणि सुरुवातीलाच जास्त दिसला तर थांबलेच पाहिजे. पूर्वी सुई आत गेल्यावर ती मोकळी आहे का हे पाहण्यासाठी तिला आडवी हलवण्याची रीत होती. ती आता सोडून द्यावी असे सांगितले जाते, कारण सुईने पडलेले जेमतेम दीड मिलिमीटरचे भोक अशा हलवण्याने सेंटिमीटरभर फाटू शकते. सुईपुरतीच इजा झाली असेल तर ती पुष्कळदा किरकोळ असते, पण तीच हलवल्याने मोठी होते.

दुसरी, म्हणजे छेद घेऊन बघत जाण्याची पद्धत अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. हॅरिथ हॅसन यांनी १९७१ साली मांडली. तीत बेंबीच्या कडेला एक ते दोन सेंटिमीटरचा छेद घेतात आणि चरबी बाजूला सारून पांढरा पडदा चिमट्यांनी वर उचलून धरतात. तो डोळ्यांसमोर कापून त्याखालचे आवरण उघडतात, पुष्कळदा आत बोट फिरवून काही चिकटले आहे का ते चाचपतात आणि मग बोथट टोकाची नळी बसवतात. बेंबीच निवडण्याचे कारण असे की, तेथे पोटाचे सर्व थर एकमेकांशी जुळलेले असतात, भिंत सर्वांत पातळ असते आणि स्थूल व्यक्तीच्या पोटातही तेथे चरबी कमी असते.

या पद्धतीत पाठीच्या कण्यासमोरील महाधमनीसारखी मोठी रक्तवाहिनी दुखावणे अतिशय दुर्मीळ असते, कारण खोलवर जाणारी धार आत ढकललीच जात नाही. आतड्याला इजा होण्याचा धोका मात्र तिच्यातही शून्य नसतो. आतडे बेंबीच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटलेले असेल, तर पडदा कापतानाही ते कापले जाऊ शकते. फरक एवढा की, बघत काम चालू असल्याने अशी इजा तेव्हाच दिसण्याची शक्यता अधिक असते आणि तेव्हाच दिसलेली इजा शिवून टाकता येते. रुग्णाच्या जिवावर बेतते ते बहुधा न दिसलेल्या इजेमुळे.

कोणती पद्धत श्रेष्ठ हे ठरवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले आहेत. कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात अशा ५७ चाचण्या आणि जवळजवळ १० हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. सर्वांनी अमुक एकच पद्धत वापरावी असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यातून मिळाला नाही. इतक्या क्वचित घडणाऱ्या इजेतील फरक सिद्ध करायला चाचण्यांत याहून कितीतरी अधिक रुग्ण लागतात. एक गोष्ट मात्र त्यात दिसली: प्रयत्न फसून आत जाताच न येण्याचे प्रमाण सुईच्या तुलनेत, गॅस न भरता सरळ नळी घालण्याच्या पद्धतीत कमी होते. याखेरीज पारदर्शक टोकाच्या नळीत कॅमेरा ठेवून चरबीचा पिवळा, पडद्याचा पांढरा आणि स्नायूचा लाल थर बघत आत जाण्याचीही पद्धत आहे. गॅस न भरता सरळ नळी घालण्याची पद्धतही काही सर्जन वापरतात आणि त्यांचे निकाल चांगले आहेत.

त्यामुळे पत्नीच्या बाबतीत ‘सुई की छेद’ यावर सर्जन निवडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या सर्जनच्या हाताला जी पद्धत रोजच्या सरावाची आहे, तीच त्यांच्या हातून सर्वांत सुरक्षित होते. विचारायचे असेल तर हे विचारा की, नेहमीच्या पद्धतीने आत जाणे जमले नाही तर तुम्ही काय करता, आणि आत गेल्यावर सर्वप्रथम काय पाहता. पहिल्याचे उत्तर ‘दोन-तीन प्रयत्नांनंतर हट्ट न धरता जागा किंवा पद्धत बदलतो’ असे असायला हवे. दुसऱ्याचे असे की, पित्ताशयाकडे वळण्यापूर्वी नळी जेथून आत आली त्याच्या थेट खालचे आतडे आणि त्याभोवतीचा भाग कॅमेरा फिरवून नीट तपासतो. जो सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही, त्याच्याकडे पत्नीला निःशंकपणे न्या.

प्रश्न: माझी दोन सिझर झाली आहेत, नंतर कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले आणि चार वर्षांपूर्वी बेंबीच्या हर्नियाला जाळी बसवली आहे. आता पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीने होईल, पण पहिली नळी डाव्या बरगडीखालून घालावी लागेल. पित्ताशय तर उजवीकडे असते, मग डावीकडून का?
— एक भगिनी, गडहिंग्लज

उत्तर: ताई, तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या पोटाचा इतिहास नीट ऐकला आहे, हे त्यांच्या उत्तरावरून कळते. पोटावर एकदा शस्त्रक्रिया झाली की आतडी आणि चरबीचा पडदा जुन्या टाक्यांच्या आतल्या बाजूला चिकटण्याची शक्यता असते. पोटाच्या मध्यरेषेवर उभा छेद घेतलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्या जणांत बेंबीच्या परिसरात असे काहीतरी चिकटलेले आढळते. सिझरच्या आडव्या छेदानंतर हे प्रमाण सुमारे पाचात एक असते, आणि ज्यांच्या पोटावर कधीच शस्त्रक्रिया झालेली नाही त्यांच्यात ते शंभरात एकापेक्षाही कमी असते. तुमच्या बाबतीत बेंबीखाली जाळीही आहे. जाळीला आतडे चिकटलेले असू शकते, शिवाय तिच्यातून भोक पाडले तर ती कमकुवत होते आणि तिला संसर्ग होण्याचा धोका राहतो. तेव्हा तेथून आत न जाणे हेच योग्य आहे.

डाव्या बरगडीच्या कडेपासून सुमारे तीन सेंटिमीटर खाली, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या उभ्या रेषेवर जी जागा येते, तिला पामर बिंदू म्हणतात. फ्रान्समधील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राऊल पामर यांच्या नावावरून ते नाव पडले. या कोपऱ्यात आतडी चिकटलेली क्वचितच सापडतात आणि बरगड्यांच्या आधारामुळे तेथील भिंत आत फारशी दबत नाही. एकदा कॅमेरा तेथून आत गेला की बेंबीपाशी काय चिकटले आहे ते डोळ्यांनी दिसते आणि उरलेली छिद्रे मोकळ्या जागा बघून पाडता येतात. पित्ताशय उजवीकडेच आहे आणि ते उजवीकडच्या नेहमीच्या छिद्रांमधूनच निघेल. डावीकडचा मार्ग केवळ आत डोकावण्यासाठी आहे.

त्या जागेला तिची पथ्ये आहेत. जठर अगदी जवळ असल्याने ते रिकामे असावे लागते, म्हणून भूल दिल्यावर नाकातून किंवा तोंडातून नळी घालून ते रिकामे करतात. प्लीहा किंवा यकृत वाढलेले असेल, अथवा जठरावर किंवा प्लीहेवर पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर ही जागा वापरत नाहीत. तुमच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये प्लीहेचा आकार लिहिलेला असेल, तो डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

येथे सर्वच वाचकांना एक विनंती आहे. पूर्वीचे ऑपरेशन सांगताना लहानपणी फुटलेले अपेंडिक्स, अपघातानंतर उघडलेले पोट, शिबिरात टाक्याशिवाय म्हणून झालेले कुटुंबनियोजन, यांपैकी काहीही वगळू नका. आपल्याकडे अनेक आयाबाया शिबिरातील ऑपरेशनला ऑपरेशन समजतच नाहीत आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. वास्तविक त्यातही बेंबीपाशीच छेद घेतलेला असू शकतो. जुने डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत असेल तर ते शोधून बरोबर न्या. पूर्वी काय आणि कोठून केले हे त्यावरून सर्जनला जितके नेमके कळते, तितके नुसत्या वरच्या व्रणावरून कळत नाही. यकृताचा जुना आजार असेल तर तोही सांगा, कारण तशा रुग्णांत बेंबीभोवतीच्या शिरा फुगलेल्या असू शकतात आणि तेथे छेद घेतल्यास मोठा रक्तस्राव होतो. गर्भारपणातही गर्भाशय किती वर आले आहे ते पाहून नळीची जागा वर सरकवावी लागते.

प्रश्न: माझी मुलगी २२ वर्षांची आहे आणि तिचे वजन जेमतेम ४१ किलो आहे. ती बारीक असल्यामुळे तिचे ऑपरेशन सोपे जाईल, असे सगळे म्हणतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, कागल

उत्तर: पित्ताशय काढण्याच्या दृष्टीने ते बरेचसे खरे आहे, कारण चरबी कमी असली की आतील रचना स्वच्छ दिसते. पहिल्या छिद्राच्या दृष्टीने मात्र बारीक आणि विशेषतः लहान चणीच्या मुलींबाबत अधिक सावध राहावे लागते. हृदयाकडून खाली येणारी महाधमनी पाठीच्या कण्यासमोरून उतरते आणि साधारण बेंबीच्याच पातळीला तिच्या दोन शाखा होतात. अतिशय बारीक व्यक्तीमध्ये, भूल देऊन स्नायू सैल झाल्यावर, बेंबीची आतली बाजू आणि या रक्तवाहिन्या यांत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचे अंतर उरू शकते. म्हणून अशा रुग्णात सुई सरळ खाली न घालता पायांच्या दिशेला तिरकी घालतात, पोटाची भिंत हाताने तंबूच्या कापडासारखी वर उचलून धरतात, किंवा छेद घेऊन बघत जाण्याची पद्धत निवडतात. बारीक व्यक्तीत ती फार सहज जमते. याउलट, स्थूल व्यक्तीत भिंत जाड असल्याने तिरकी घातलेली सुई आत पोहोचतच नाही, म्हणून ती जवळजवळ उभी धरावी लागते. पहिली नळी बसेपर्यंत टेबल सपाट ठेवायचे असते. डोके खाली आणि पाय वर अशी स्थिती आधीच दिली तर रक्तवाहिन्या सुईच्या मार्गात येऊ शकतात.

मुलीच्या सर्जनशी बोलताना ‘ती बारीक आहे, आत जाताना तुम्ही काय वेगळे कराल?’ एवढे विचारलेत तरी पुरे. आणखी एक गोष्ट सुचवतो. मुलीला खड्यांमुळे काही त्रास होतो आहे का, की दुसऱ्या कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत ते सहज दिसले, हे तुमच्या पत्रात नाही. ज्यांना काहीच लक्षणे नाहीत अशा बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज नसते, आणि जी शस्त्रक्रिया करावीच लागत नाही, तिच्यातील धोकाही पत्करावा लागत नाही. हा निर्णय आधी पक्का करा.

प्रश्न: संमतीपत्रात ‘गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यास संमती’ असे लिहिले आहे. डॉक्टरांना स्वतःची खात्री नाही, असा याचा अर्थ होतो का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: नाही. जर्मनीत १९८५ साली डॉ. एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीने पहिले पित्ताशय काढले आणि आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया सुरू केली. तेव्हापासून आजपर्यंत हे वाक्य संमतीपत्रातून गेलेले नाही आणि जाऊही नये. आतडी फार चिकटलेली असतील, रक्तस्राव होत असेल किंवा पित्तनलिका ओळखू येत नसेल, तर पोट उघडणारा सर्जन रुग्णाचे हितच करत असतो. ज्या संमतीपत्रात हे वाक्य नसेल, तेथे मी अधिक प्रश्न विचारीन.

प्रश्न: माझ्या आईचे ऑपरेशन कोल्हापुरात झाले, दुसऱ्या दिवशी घरी सोडले आणि आम्ही गावी आलो. तिचा उजवा खांदा फार दुखत होता, तो तीन दिवसांनी थांबला. शेजाऱ्यांनी आतडे दुखावल्याचे हे लक्षण आहे म्हणून घाबरवले होते. खरोखर इजा झाली असती तर आम्हाला कसे कळले असते?
— एक वाचक, चंदगड

उत्तर: खांदादुखीने घाबरण्याचे कारण नव्हते. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे छाती आणि पोट यांमधला पडदा चिडतो आणि त्याची जाणीव मज्जातंतूंमार्फत खांद्यात होते. हा गॅस पेट घेत नाही आणि रक्तात सहज विरघळून श्वासावाटे निघून जातो, म्हणूनच तो निवडलेला आहे. दोन-तीन दिवसांत दुखणे आपोआप ओसरते.

इजेची खूण ओळखण्याचा सर्वांत उपयोगी नियम हा की, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण रोज आदल्या दिवसापेक्षा बरा असला पाहिजे. दुसऱ्या दिवशी उठून चालणारी आई तिसऱ्या दिवशी पुन्हा अंथरूण धरते, पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढते, पोट फुगते, उलट्या होतात, नाडी शंभराच्या वर जाते किंवा लघवी कमी होते, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचे. ताप असेलच असे नाही, आणि तो नाही म्हणून थांबू नये. आतडे दुखावले असता काही वेळा सुरुवातीला एकाच छिद्रापाशी वाढत जाणारे दुखणे, फुगलेले पोट आणि जुलाब एवढेच दिसते. नळीने किंवा सुईने झालेल्या इजेची लक्षणे साधारणपणे पहिल्या तीन दिवसांत दिसू लागतात. विजेच्या उपकरणाच्या चटक्याने झालेली इजा मात्र आठवड्यानेही उघड होऊ शकते.

या काळात गावातच सलाईन लावून आणि वेदनाशामक इंजेक्शन देऊन रुग्णाला शांत करणे फार घातक आहे. दुखणे तात्पुरते दबते आणि पोटात संसर्ग पसरत राहतो. सर्जनला फोन करा, फोन लागला नाही तर थेट निघा. जेथे शस्त्रक्रिया झाली ते रुग्णालय गाठणे शक्य नसेल, तर कोल्हापूरचे सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी रुग्णालय किंवा चोवीस तास सर्जन आणि सीटी स्कॅनची सोय असलेले जवळचे कोणतेही रुग्णालय चालेल. जाताना डिस्चार्ज कार्ड घ्या आणि ‘अमुक दिवसापूर्वी दुर्बिणीने पित्ताशय काढले आहे’ हे वाक्य दारातच सांगा. चंदगड, आजरा, राधानगरीसारख्या दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्यांनी शक्य असल्यास पहिले तीन-चार दिवस शहरातच नातेवाइकांकडे राहावे, असे मी नेहमी सुचवतो. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर ऐन पावसाळ्याचे आठवडे टाळता आले तर टाळावेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा दिवसांत घरी गेलेल्या रुग्णाला परत आणणे कोणाच्याच हातात राहत नाही.

प्रश्न: ऑपरेशनला सव्वा महिना झाल्यावर बेंबीच्या छिद्रापाशी गाठ येऊन पाणी येऊ लागले. दोन वेळा साधी औषधे घेतली, पण थांबत नाही.
— एक वाचक, पन्हाळा

उत्तर: सुरुवातीला कोरडी झालेली जखम चार-सहा आठवड्यांनी पुन्हा वाहू लागली आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नसेल, तर क्षयाच्या जंतूंच्या कुळातील, पण क्षय न करणाऱ्या जंतूंचा संसर्ग आहे का हे तपासावे लागते. हे जंतू पाण्यात असतात. नळ्या आणि उपकरणे नीट निर्जंतुक झाली नाहीत, किंवा रसायनात बुडवून काढल्यावर साध्या पाण्याने धुतली गेली, तर ते जखमेत शिरतात. सर्जनना सांगून त्या पाण्याची किंवा गाठीतील ऊतीची खास या जंतूंसाठी कल्चर तपासणी करून घ्या आणि ती होईपर्यंत दुकानातून परस्पर तिसरे औषध आणू नका. निदान झाले तर औषधे काही महिने घ्यावी लागतात, कधी तो भाग कापून काढावा लागतो, आणि मग जखम पूर्ण भरते. याच जागी खोकताना फुगवटा येत असेल आणि आडवे झाल्यावर तो आत जात असेल, तर तो छिद्रातील हर्निया असू शकतो. त्यासाठी सर्जनना स्वतंत्रपणे दाखवा, कारण दहा मिलिमीटरच्या छिद्राचा आतला पडदा उसवला असल्यास तो पुन्हा शिवावा लागतो.